विहिरीतून वर पाहणारी

माझ्या भाचीचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. नसेल पाहिला, तर तुमचा मोबाइल बंद पडलेला असावा. वरून काढलेला फोटो आहे. दगडी विहिरीचा काळा गोल, तळाशी हिरवट पाणी आणि त्यात कमरेपर्यंत उभी असलेली एक मुलगी मान वर करून, तोंड उघडं टाकून थेट तुमच्याकडे बघते आहे. उन्हाची एक तिरीप नेमकी तिच्या चेहऱ्यावर पडली आहे, बाकी सगळा अंधार. बघणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी मागते आहे.

ती दोरी मागत होती. एका हातात चप्पल होती, ती फोटोत आलेली नाही.

झरीला माझं माहेर आहे. मी डहाणूत राहते, नवरा रेल्वेत आणि मी तलासरी तालुक्यातल्या, झरीजवळच्याच एका शाळेत शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस भावाकडे गेले होते. भाची तेव्हा नुकतीच बारावी झालेली. विहिरीच्या कठड्यावर पाय हलवत बसू नकोस म्हणून मी तिला ओरडले आणि माझं ओरडणं संपायच्या आत तिची नवी चप्पल खाली गेली. पोरगी लगेच कपारीच्या दगडांवर पाय ठेवत खाली उतरली. लहानपणी आम्हीही असेच उतरायचो, त्यात विशेष काही नव्हतं. त्याच वेळी कॅमेरे घेतलेली शहरातली तीन-चार तरुण मंडळी आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबली होती. माझ्या भावजयीने त्यांना फ्रिजमधलं थंड पाणी दिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्यातली एक मुलगी कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, "दीदी, एक फोटो काढू?"

"काढा की," भाची खालून ओरडली, "पण आधी दोरी सोडायला सांगा कुणाला तरी!"

तोंड उघडं आहे ते त्या वाक्यासाठी. नंतर सगळ्यांनी चहा घेतला. भाचीने त्यांना आंबे दिले आणि ती मंडळी निघून गेली. चांगली मुलं होती, त्यांना नावं ठेवायला मला जागा सापडत नाही.

आमच्याकडे पाण्याचे हाल नाहीत असंही मी म्हणणार नाही. वरच्या पाड्यावरच्या बायका उन्हाळ्यात डोंगर उतरून येतात, हंडे भरून पुन्हा चढतात. पण त्या खाली मान घालून चालतात आणि कॅमेरा दिसला की पदर पुढे ओढतात. त्यांचा फोटो चांगला येत नाही. आमच्या पोरीचा आला.

पहिल्यांदा तो मला शाळेच्या ग्रुपवर दिसला. खाली लिहिलं होतं, 'तहानलेली तरुणाई.' मला हसू आलं. मी भाचीला पाठवला, तिने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली चित्रं पाठवली. मग तो इंग्रजी ओळींसह आला, मग हिंदी कवितेसह, मग कुठल्याशा देशातल्या दुष्काळाच्या बातमीवर. एकदा युद्धावरच्या लेखावर आला. ती आता पाण्यात उभी नव्हती, तळघरात लपली होती. एकदा मुलींच्या शिक्षणावर आला, एकदा तरुणांमधल्या निराशेवर. एवढी जगभरची दुःखं आणि सगळ्यांना तोंड एकच, आमच्या झरीचं. मी शिक्षिका आहे, मुलांनी पाठ केलेलं उत्तर मला लांबून ओळखू येतं. जगाने ही मुलगी पाठ केली होती.

भाचीला पोलीस भरतीत जायचं आहे. आमच्या भागातल्या पुष्कळ पोरापोरींना जायचं असतं. सकाळी महामार्गाच्या कडेने अच्छाडच्या बाजूला धावत गेलात तर ट्रकांच्या रांगेला समांतर ही पोरं धावताना दिसतील. एका रविवारी तिला बूट घेऊन द्यायला मी तिकडे गेले आणि आम्ही दोघी एका ढाब्यावर जेवायला बसलो. भिंतीवर टीव्ही चालू होता. तरुण पिढी आणि जगापुढची संकटं अशी काहीतरी चर्चा होती. चौकटीचौकटींतून माणसं बोलत होती आणि त्यांच्या मागे भिंतभर तिचा चेहरा होता. डोळे माणसांच्या डोक्यांएवढे. आवाज बंद होता, त्यामुळे ती सगळी माणसं नुसतीच ओठ हलवत होती.

शेजारच्या टेबलावरचा ट्रक ड्रायव्हर मान हलवून म्हणाला, "बिचारी. पता नहीं बची कि नहीं." ढाब्याच्या पोऱ्याने भाचीच्या ताटात रोटी वाढली, तीही टीव्हीकडे बघत. ती बरोबर त्या टीव्हीखाली बसली होती. चार हातांवर, ऊन खाऊन काळवंडलेली, भरल्या तोंडाने. एकालाही काही जाणवलं नाही.

भाची मान वळवून वर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी हिच्याकडे बघते ना, तर ही माझ्या मागे बघते."

"मुकाट्याने जेव," मी म्हटलं. पण तेव्हापासून मीही बघायला लागले आणि मलाही तसंच दिसायला लागलं.

पावसाळा संपता संपता आमच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली. विषय वरून आला होता, 'आजची तरुणाई आणि जगापुढील प्रश्न.' मुलांना मी म्हटलं, मोबाइल बघू नका, घरातले तरुण आठवा. तुमचा दादा काय करतो? एकाचा दादा उंबरगावला कंपनीत पाळीवर जातो, एकीची ताई शिवणाचा क्लास करते, एकाचा मामा होडीवर जातो. हे सगळं त्यांनी भराभरा सांगितलं. आणि कागद हातात पडल्यावर काय काढलं? पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर. बर्फावर रडणारं पांढरं अस्वल, जे तलासरीत कुणाच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही. गळ्यात मोबाइलची साखळी अडकलेला मुलगा. आणि काळा गोल, त्यात वर बघणारी मुलगी.

अर्ध्याहून जास्त कागदांवर तीच होती. मला रागच आला. पण स्पर्धा स्पर्धा असते, मी ती चित्रं दोरीला चिमट्यांनी लावून वर्गात टांगली. पंखा चालू केला की ती सगळी एका लयीत हलायची. कुणी डोळे मोठे केले होते, कुणी अश्रू घातले होते, एकाने तोंड काढलंच नव्हतं, तिथे कागद कोरा सोडला होता. एरवी दंगा करणारी पोरं त्या दिवसांत वर्गात दबक्या आवाजात बोलायची. मी शांत बसा म्हटलेलं नव्हतं.

एका दुपारी भाची मला डबा द्यायला शाळेत आली. नेहमीसारखी धाडकन दार ढकलून आत शिरली आणि वर्ग गार पडला. मुलं तिच्याकडे बघत, मग चित्रांकडे बघत. तिच्या घराच्या मागच्याच घरात राहणारी एक चिमुरडी आहे, तिच्या हातून रोज चिंचा खाणारी. ती माझ्याजवळ येऊन पदर ओढून म्हणाली, "बाई, ही मेलेली ना?"

"अगं, ही तुझी ताई! सकाळीच भेटलीस ना तिला?"

"हो," ती म्हणाली. "ती पण आहे."

त्या दिवशी घरी जाताना मी सगळी चित्रं काढून कपाटात कोंबली. भाचीने ती बघितली होती. डबा ठेवून सरळ निघून गेली आणि जाताना तिने दार आवाज न करता लावलं. हे मला फार लागलं.

हळूहळू पाड्यावरच्या बायकांनी आमच्या विहिरीवर यायचं सोडलं. कारण कुणी सांगेना. भावजयीला विचारलं तर म्हणाली, "ताई, वाकून बघवत नाही. पाण्यात आपलं तोंड दिसतं, पण आधी तिचं दिसतं." मी तिला हसले. पाण्यात प्रतिबिंब कसं पडतं हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. तिला दाखवायला म्हणून विहिरीशी गेले, वाकले. ऊन होतं, पाणी स्थिर होतं. खाली एक डोकं होतं, माझंच. मी मान हलवली, तीही हलली. पण त्या आधी, पाणी नजरेत ठरेपर्यंतचा जो क्षण असतो ना, त्यात जे दिसलं ते मी भावजयीला सांगितलं नाही. बादली न भरताच मागे आले आणि दोरीला दोष दिला.

मग तो फोटो मरणाची बातमी घेऊन आला. सीमेपलीकडून आला, गुजराती ओळींसह. तरुण मुलीने विहिरीत उडी घेतली, अशी बातमी. कुणी जोडली, कळायला मार्ग नाही. बातमी खरीही असेल. कुठेतरी कुणाची तरी मुलगी खरंच गेली असेल, तिचा फोटो मिळाला नसेल, म्हणून आमच्या पोरीचा लावला असेल. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकला आणि दुसऱ्याने न वाचताच खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मग काय, एकाखाली एक सगळ्यांचे जोडलेले हात. भावाने चिडून लिहिलं, 'ती जिवंत आहे, समोर बसून भात खाते आहे.' त्याखालीही एकाने हात जोडले.

आम्ही ते हसण्यावारी नेलं. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं असं आपल्याकडे म्हणतात, भावजयीने लगेच तेच म्हणून पोरीची दृष्ट काढली. पण एक माणूस त्या ग्रुपवर नव्हतं. माझी स्वतःची आत्या, माझ्या वडिलांची बहीण. ती उंबरगावकडे दिलेली, वय झालेलं, वाचता येत नाही. नातवाने तिला मोबाइलवर तो फोटो दाखवून खालच्या ओळी वाचून दाखवल्या. चेहरा तिने ओळखला. आमच्यापैकी कुणी कळवलं नाही याचा अर्थ तिने तिच्या समजुतीने लावला. पोरीने जीव दिला, घरचे लाजेने गप्प आहेत, आता आपण फोन करून त्यांचं दुःख उघडं पाडायचं नाही. एवढी सभ्य बाई. तिने फोन केला नाही.

दिवाळी झाल्यावर ती झरीला आली. मीही तेव्हा तिथेच होते. पांढरं लुगडं, हातात काही नाही, तोंडात शब्द नाही. सांत्वनाला येतात तशी येऊन ओटीवर बसली. आम्हाला काहीच कळेना. भाची आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, वाकली आणि म्हणाली, "आजी, पाणी."

आत्या ओरडली नाही. ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि तिने डोळ्यांवर दोन्ही हात घेतले. हातांच्या आडूनच बोलली, "नको गो बाय. मी दिलाय तुला पाणी. आता परत नको येऊ."

सगळं कळायला बराच वेळ गेला. ती पोरीच्या नावानं न्हाली होती. आम्ही लाजेखातर तिचं काही केलं नसेल, लेकरू तसंच भटकत राहील, या मायेने तिने मुलाच्या हातून दहावाही करवला होता. नदीकाठी पान ठेवलं होतं. भाऊ हात जोडून म्हणाला, "आत्या, चूक झाली, फोटो खोटा होता." तर ती म्हणाली, "फोटो खोटा असंल रे दीकरा. पण कावळा शिवला. ठेवल्या ठेवल्या शिवला. कावळा काय मोबाइल बघतो?"

आत्या त्या दिवशी आमच्याकडे पाणीही प्याली नाही. पाड्यावर ही गोष्ट संध्याकाळच्या आत पोचली. बायका आजवर जे बोलत नव्हत्या त्याला आता आधार मिळाला. दुसऱ्या दिवसापासून लोक पोरीशी बोलायचे, पण तिच्या हातचं घ्यायचे नाहीत. दुकानदार सामान फळीवर ठेवायचा. तिच्याबरोबर धावणाऱ्या मुली पुढे निघून जायच्या. भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची चाचणी, जवळ आलं होतं आणि ही अंथरुणातून उठेना. मला म्हणाली, "आत्या, एवढी सगळी माणसं एकच सांगतात. मीच चुकत असले तर?"

ती चेष्टा करत नव्हती. आता प्रश्न फोटोचा राहिला नव्हता, ही पोरगी स्वतःला जिवंतांत धरते की नाही, हा होता.

उपाय माझ्या आत्यानेच सांगितला. ज्याच्या नावाने पाणी सोडलं तो माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. समुद्रकाठच्या आगरला होडीवरून हरवलेला एकजण फार वर्षांनी परत आला तेव्हा त्याचं असं केलं होतं, हे आम्हीही ऐकून होतो. तुपाची अंघोळ घालायची, आईच्या लुगड्याखालून काढायचं, झोळीशी बसवायचं, बारसं करायचं. आणि नवं नाव ठेवायचं, कारण जुनं पाण्याबरोबर गेलं.

नाव म्हटल्यावर भाची उठून बसली. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत राग दिसला. "तूप ओता, काय हवं ते करा. नाव माझंच राहील," ती म्हणाली. मला एवढं बरं वाटलं! त्या फोटोला आजवर सगळं मिळालं होतं, देश, दुष्काळ, युद्ध, मरण. नाव काय म्हणून कुणीच विचारलं नव्हतं. तेवढंच तिचं तिच्याकडे उरलं होतं.

बारशाला कानात नाव आत्या सांगते. म्हणजे मीच. तिच्या पहिल्या बारशालाही मीच सांगितलं होतं, नावही मीच शोधलेलं. आम्ही दोघींनी ठरवलं, मी कानात जुनंच नाव सांगायचं आणि मोठ्याने तेच जाहीर करायचं. एकदा आत्येच्या तोंडून गेलं की ते बदलता येत नाही. कुणी काय बोलायचं ते बोलो.

भर दुपारी अंगणात सगळं झालं. आधी बायका दबून होत्या, मग एवढी थोराड पोरगी झोळीत कशी मावणार यावरून एकीला हसू फुटलं आणि सगळ्याच हसल्या. भाचीही हसली. डोक्यावरून तूप निथळत होतं, हळदीने तोंड पिवळं झालं होतं. भावजयीने तिला लुगड्याच्या घोळाखालून काढलं. मग तिला झोळीच्या खाली पाटावर बसवलं आणि वरून लुगडं सोडलं. पाड्यावरच्या पोरांनी मोबाइल वर धरले होते, भावाने ओरडून ते खाली करायला लावले. माझी आत्या ओटीवर बसून टक लावून बघत होती. भावजयीने मला पुढे ढकललं.

मी लुगड्याची कड बाजूला केली आणि वाकले.

आत अंधार होता. ती खाली बसून मान वर करून माझ्याकडे बघत होती. ओले केस कपाळाला चिकटलेले, तोंड जरासं उघडं. उन्हाची तिरीप मी कड उचलली तिथून आत गेली होती आणि तिच्या चेहऱ्यावर पडली होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. आणि मला नाव आठवेना.

असं होतं कधी कधी, म्हणून मी थांबले. डोळे मिटले तर तोच गोल, उघडले तर तोच चेहरा. वर्गातल्या मुलींची नावं आली, भावजयीचं आलं, माझंसुद्धा आलं. पोलीस भरती, चप्पल, चिंचा, तिच्याविषयीचं सगळं आठवत होतं. तिला काय म्हणतात तेवढं नव्हतं. मागे बायकांचं हसू थांबलं. मला रडू येत होतं आणि तिच्या कानात माझा नुसता श्वास जात होता.

तिला कळलं. तिने मान वळवून माझ्याकडे अगदी जवळून पाहिलं. "आत्या, तुलाही?" एवढंच पुटपुटली.

मग ती उठली. लुगडं डोक्यावरून बाजूला केलं, अंगणात उभी राहिली आणि हजेरीला उभं राहून ओरडावं तसं तिने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव खणखणीत आवाजात सांगितलं. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

माझ्या आत्याने विचारलं, "हाच सांगितला का गो तुझ्या आत्यानं कानात?"

"हो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हेच."

आत्या भिंतीला धरून उठली, तिच्याजवळ आली. तिच्या तुपकट गालांवरून, नाकावरून, हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आण मग पाणी. घसा सुकला माझा." पोरीने तांब्या आणला, ती घटाघटा प्याली. तिच्यामागून एकेक बाई पुढे होऊन पाणी मागू लागली.

मीही हात पुढे केला. तिने मला दिलं आणि पुढे गेली. हे नाव या जगात सगळ्यांत आधी मी उच्चारलं होतं, तिला ते कळायच्याही आधी. त्या दुपारी ते मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं.